वेदीच्या सावलीतील अग्निबाण

आकाशातून आलेली वस्तू पुढच्या पिढ्यांसाठी जपून ठेवा, अशी आज्ञा पवित्र शास्त्रात फार पूर्वी दिलेली आढळते. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात मोशे अहरोनाला सांगतो की एक पात्र घे, त्यात ओमेरभर मान्ना भर आणि तो परमेश्वरासमोर ठेव. रानात आपल्या पूर्वजांना कोणी जेवू घातले हे पुढे येणाऱ्यांनी डोळ्यांनी पाहावे. त्यानंतर काही अध्यायांनी कराराच्या कोशाचे माप येते: बाभळीचे लाकूड, अडीच हात लांबी, दीड हात रुंदी, दीड हात उंची, आतून-बाहेरून सोन्याचा पत्रा, उचलण्यासाठी कड्या आणि दांडे. एका पेटीसाठी एवढा तपशील कशाला, असा प्रश्न धर्मशिक्षणाच्या वर्गात मुले नेहमी विचारतात. त्याचे उत्तर असे की पेटी कशी आहे यावरून आतल्या वस्तूकडे आपण कसे पाहतो ते ठरते. दांडे कायम लावलेले ठेवायचे होते, कारण ही प्रजा वाटचाल करणारी होती. त्या पेटीच्या घडणीतच त्या प्रजेचा इतिहास होता.

हा विचार आज मांडण्याचे कारण वेगळे आहे. आमच्या पाचगणीच्या डोंगरावर शाळा पुष्कळ आणि जिज्ञासू मुलेही पुष्कळ. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले, तेव्हापासून मुलांचे प्रश्न बदलले आहेत. अवकाशात जाऊन आलेल्या वस्तूंचे पुढे काय होते? त्या कुठे ठेवतात? कशा ठेवतात? त्या पाहताना माणसाच्या मनात काय जागे व्हावे? हे प्रश्न केवळ वस्तुसंग्रहालयाचे आहेत असे आम्हांस वाटत नाही. ज्या ख्रिस्तसभेने दोन सहस्रके पवित्र अवशेष मंजूषांत जपले, तिला या विषयी काही सांगता येण्यासारखे आहे. शिवाय भारताच्या अवकाशयुगाचा प्रारंभच एका कॅथोलिक चर्चमध्ये झाला, ही गोष्ट आपल्या कितीतरी कुटुंबांना अजून ठाऊक नाही.

थुंबा येथील देवालय

१९६२ साली अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली अवकाश संशोधनासाठी एक राष्ट्रीय समिती स्थापन झाली. डॉ. होमी भाभा त्या विभागाचे प्रमुख होते आणि समितीची धुरा डॉ. विक्रम साराभाईंकडे होती. संशोधन-अग्निबाण सोडण्यासाठी त्यांना पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताजवळची जागा हवी होती. कारण त्या रेषेवर, भूपृष्ठापासून सुमारे ११० किलोमीटर उंचीवर विद्युतप्रवाहाचा एक अरुंद पट्टा वाहत असतो आणि त्याचा अभ्यास जमिनीवर बसून पुरा होत नाही. ही रेषा केरळच्या दक्षिण किनाऱ्यावरून जाते. शोध घेता घेता तिरुवनंतपुरमजवळचे थुंबा हे मच्छीमारांचे गाव निश्चित झाले.

गावाच्या मध्यभागी संत मरिया माग्दालेनाचे चर्च होते. परंपरा सांगते की या ठिकाणी पहिले साधे देवालय संत फ्रान्सिस झेवियर यांच्या काळात, १५४४ च्या सुमारास उभे राहिले. आजची इमारत मात्र पुष्कळ नंतरची आहे. अवकाश केंद्रासाठी सुमारे सहाशे एकर जमीन लागणार होती आणि त्या जमिनीत लोकांची घरे होती, नारळाची झाडे होती, महागुरूंचे निवासस्थान होते आणि हे चर्च होते.

पुढे काय घडले ते डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी अनेकदा सांगितले आहे. साराभाई त्या धर्मप्रांतातील बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांना भेटले. महागुरूंनी तिथल्या तिथे होकार किंवा नकार न देता त्यांना रविवारी येण्यास सांगितले. रविवारच्या उपासनेत त्यांनी ती मागणी भाविकांसमोर ठेवली. विज्ञानाचे कार्य आणि धर्मगुरूचे कार्य ही दोन्ही शेवटी माणसाच्या कल्याणासाठी देवाकडे मागितलेली मदतच आहे, या आशयाचे विवेचन केले आणि देवाचे हे घर व तुमची घरे या कार्याला द्यावीत काय, असे विचारले. मंडळीने ‘आमेन’ म्हणून संमती दिली. गाव हलले, जवळच दुसरे चर्च उभे राहिले.

आपल्या वसई-उत्तनच्या किनाऱ्यावरील कोळी बांधवांना या होकाराचे मोल सांगावे लागणार नाही. ज्याच्या घराचा उंबरठा समुद्राकडे असतो, त्याला चार फर्लांग आत सरकणेसुद्धा जन्म बदलण्यासारखे असते. तरी आपला बाप्तिस्मा जिथे झाला, आपल्या आईवडिलांचे लग्न जिथे लागले, ते देवालय या माणसांनी दिले. त्याच काळात रोम येथे दुसरी व्हॅटिकन विश्वपरिषद भरली होती आणि ख्रिस्तसभेने आधुनिक जगाशी कसे बोलावे याची चर्चा महागुरू करीत होते. त्या चर्चेचे फलित असलेला दस्तऐवज डिसेंबर १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. थुंबाच्या मच्छीमारांनी त्या प्रश्नाचे आपल्यापुरते उत्तर त्याआधीच देऊन टाकले होते.

चर्चमध्ये कार्यालय थाटले गेले. जिथे प्रार्थना होत असे तिथे कलामांची पहिली प्रयोगशाळा झाली आणि महागुरूंच्या खोलीत आराखडे काढण्याचे काम सुरू झाले. अग्निबाणाचे भाग सायकलवरून नेले जात, त्याचे छायाचित्र पुढे जगभर गाजले. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी संध्याकाळी अमेरिकेकडून मिळालेला ‘नायके-अपाचे’ जातीचा अग्निबाण फ्रान्सहून आलेली उपकरणे घेऊन थुंबाहून झेपावला आणि संधिप्रकाशात सोडियमच्या वाफेचा नारिंगी ढग आकाशात पसरला. २० नोव्हेंबर १९६७ रोजी केवळ ७५ मिलिमीटर व्यासाचा भारतीय बनावटीचा ‘रोहिणी’ अग्निबाण येथूनच उडाला. २ फेब्रुवारी १९६८ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी हे केंद्र संयुक्त राष्ट्रसंघाला समर्पित केले.

या आरंभात मराठी माणसांचाही वाटा होता. कोल्हापुरात जन्मलेले डॉ. एकनाथ चिटणीस हे साराभाईंचे अगदी सुरुवातीचे सहकारी. जागेच्या शोधात आणि समितीच्या कामात ते अग्रभागी होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये वयाची शंभर वर्षे पूर्ण करून त्यांनी पुण्यात देह ठेवला. पुण्यात जन्मलेले प्रमोद काळे तरुणपणीच अमेरिकेत प्रशिक्षण घेऊन थुंबाच्या पहिल्या तुकडीत सामील झाले. डॉ. वसंत गोवारीकर इंग्लंडमधील काम सोडून १९६७ मध्ये तेथे गेले, घन इंधनाच्या संशोधनाचा पाया त्यांनी घातला आणि १९७९ ते १९८५ या काळात त्या केंद्राचे संचालकपद भूषविले.

इमारत हीच मंजूषा

काम वाढले तशी नवी भवने उभी राहिली आणि चर्च मोकळे झाले. ते पाडून टाकणे कोणालाही सोपे होते. तसे झाले नाही. त्या वास्तूत अवकाश संग्रहालय मांडले गेले आणि आज अग्निबाणांच्या व उपग्रहांच्या प्रतिकृती तिथे पाहावयास मिळतात. जगात अवकाशविषयक संग्रहालये पुष्कळ आहेत आणि बहुतेकांसाठी भव्य दालने मुद्दाम बांधली गेली. थुंबा येथे मात्र वस्तूला आवरण शोधावे लागले नाही. ज्या भिंतींच्या आत पहिले अग्निबाण जुळविले गेले, त्याच भिंती त्या इतिहासाची मंजूषा झाल्या. उंच कमानी, जाड भिंती, वेदीच्या दिशेने जाणारा मधला मार्ग हे सारे पाहणाऱ्याला न बोलता सांगतात की तू कोणा दुसऱ्याच्या घरात आला आहेस, पावले हळू टाक.

ही गोष्ट काही भाविकांना खटकते, हे आम्ही जाणतो. जिथे पवित्र मिस्सा अर्पण होत असे तिथे यंत्रे मांडावीत काय? हा प्रश्न श्रद्धेतून येतो, म्हणून त्याची टवाळी करू नये. परंतु ते देवालय कोणी बळकावले नव्हते. मंडळीने ते दान दिले होते. दिलेल्या देवालयात मुले शिकावयास येतात, याने देवाचा अपमान होत नाही. आमच्या मनातील शंका वेगळी आहे. पाहणारा अग्निबाण पाहतो, कलामांचे नाव वाचतो, साराभाईंचे छायाचित्र पाहतो. ज्या घरांच्या जागेवर हे सारे उभे राहिले, त्या घरांची आठवण त्याला कोण देणार? महागुरूंची कथा सर्वत्र सांगितली जाते; पण ‘आमेन’ म्हणणाऱ्यांची नावे त्या कथेत येत नाहीत. आमच्या मते अर्थपूर्ण मंजूषेची खरी कसोटी इथे आहे. ती वस्तू दाखविते, हे पुरेसे नाही. वस्तूमागचे देणारे हातही तिने दाखविले पाहिजेत.

गोव्याच्या चांदीच्या पेटीचा धडा

ही कसोटी आमच्या कल्पनेतली नव्हे. जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकेत ती उत्तीर्ण झालेली दिसते. संत फ्रान्सिस झेवियर १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर निवर्तले. त्यांच्या देहावशेषांसाठी १६३६-३७ मध्ये चांदीची जी पेटी घडविली गेली, ती गोव्याच्या सोनारांनी घडविली. तिच्या बाजूंवर चांदीच्या पत्र्यांत संताच्या जीवनातील बत्तीस प्रसंग कोरलेले आहेत. ज्याला वाचता येत नाही त्यानेही पेटीभोवती एक फेरी मारली तर संताचे चरित्र त्याच्या डोळ्यांपुढून जाते. पेटीखालचा संगमरवरी चौथरा टस्कनीचे ड्यूक तिसरे कोसिमो यांनी पाठविला. फ्लॉरेन्सचे शिल्पकार फोजिनी यांनी तो घडविला आणि १६९८ मध्ये तो गोव्यात उभारला गेला. १९५५ पासून पेटीच्या आत देहावशेष काचेच्या संपुटात आहेत.

एकात एक अशी ही तीन आवरणे आहेत आणि प्रत्येकाचे काम निराळे आहे. काच अवशेषांचे रक्षण करते, चांदी कथा सांगते आणि दगड त्यांना मान व उंची देतो. अवकाशातून आलेल्या वस्तूसाठी ज्याला पेटी योजायची आहे, त्याने आधी ही तीन कामे वेगवेगळी ओळखावीत. पुष्कळ ठिकाणी एकच काचेचा डबा तिन्ही कामे करू पाहतो आणि एकही धड होत नाही.

इथे एक खुलासा करणे आमचे कर्तव्य आहे. संतांचे अवशेष आणि यंत्राचे अवशेष यांना ख्रिस्तसभा एका पंक्तीत बसवीत नाही. संताच्या देहात पवित्र आत्म्याने वास केला, म्हणून आपण त्याचा आदर करतो. अग्निबाणापुढे कोणी मेणबत्ती लावणार नाही. मात्र देवाने दिलेल्या बुद्धीचे आणि पुष्कळांच्या श्रमाचे ते फळ आहे, एवढ्यासाठी त्याला आदराने ठेवणे उचित आहे.

खिडकीतला चंद्र

अमेरिकेत वॉशिंग्टन येथे अँग्लिकन परंपरेतील एक मोठे कॅथेड्रल आहे. तेथील एका रंगीत काचेच्या खिडकीत चंद्रावरचा दगड बसविला आहे. अपोलो-११ च्या वीरांनी आणलेला हा तुकडा जेमतेम ७.१८ ग्रॅम वजनाचा आहे. रॉडनी विनफिल्ड या कलावंताने निळ्या, तांबड्या, केशरी काचांतून ग्रहगोलांचे चित्र रचले आणि त्या विश्वात हा काळा कण ठेवला. २१ जुलै १९७४ रोजी, माणसाने चंद्रावर पाऊल ठेवल्याच्या पाचव्या वर्धापनदिनाच्या सुमारास, ही खिडकी समर्पित झाली. दगड नायट्रोजन वायूने भरलेल्या बंद संपुटात आहे, कारण पृथ्वीच्या हवेतील ओलावा आणि प्राणवायू त्यातील लोहाला गंजवितात.

आम्हांस या रचनेत दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. एक म्हणजे रक्षण करणारे संपुट लहान आणि जवळजवळ अदृश्य आहे. डोळा थेट अर्थाकडे जातो. दुसरी म्हणजे प्रकाश. तो दगड दिव्याखाली ठेवलेला नाही; सूर्य उगवेल तसा तो उजळतो आणि मावळेल तसा विझतो, जसा खुद्द चंद्र.

तो दगड बसाल्ट जातीचा आहे, हे वाचून आमच्या डोंगरावरील मुलांना विशेष वाटेल. टेबललँडवर पायाखाली लागतो तो तांबडा जांभा दगड; पण त्या जांभ्याच्या टोपीखाली कृष्णाकाठापर्यंत जो काळा कातळ उतरत गेला आहे तो बसाल्टच. सह्याद्रीचा बसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, तर चंद्रावरचा तो कण तीनशे कोटी वर्षांहून जुना. वय निराळे, पण कूळ एक. चंद्रावर जे काळे डाग आपल्याला इथून दिसतात तेही लाव्ह्याचेच पठार आहे. चंद्राच्या दगडासाठी आपल्या भागात कधी चौथरा करायचा झालाच, तर इटलीचा संगमरवर मागविण्याचे कारण नाही. आपल्या डोंगराचा काळा दगड त्याला सख्ख्या भावासारखा शोभेल.

जळलेली बाजू पुसू नये

दिल्लीच्या नेहरू तारांगणात सोयुझ यानाची अवतरण-कुपी ठेवली आहे. एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा आठ दिवस अवकाशात राहून परतले, त्या प्रवासाची ती साक्षीदार. वातावरणात शिरताना घर्षणाने आणि दाबलेल्या हवेच्या तापाने अशा कुपीचे बाह्य आवरण जळून काळे पडते. हा काळेपणा घासून काढला तर वस्तू नवी दिसेल आणि मुकी होईल. पुनरुत्थित प्रभूने थोमाला आपल्या जखमा दाखविल्या. गौरवलेल्या देहावरही त्या राहिल्या होत्या. जखम ही ओळख असते, हे आपल्याला तेव्हापासून ठाऊक आहे. म्हणून मंजूषेची रचना अशी असावी की पाहणाऱ्याला जळलेली बाजू प्रथम दिसावी.

रक्षणाचे नियम मात्र कठोर आहेत. भिन्न धातू एकमेकांना टेकलेले असले आणि हवा दमट असली तर त्यांतला एक धातू झिजू लागतो. अवकाश-पोशाखातील रबर वर्षांगणिक कडक होऊन तडकते. नील आर्मस्ट्राँग यांचा पोशाख याच कारणाने २००६ मध्ये प्रदर्शनातून काढून ठेवावा लागला आणि मोठ्या दुरुस्तीनंतर २०१९ मध्ये पुन्हा मांडला गेला. कापड आणि कागद यांवर प्रखर उजेड पडू देऊ नये. सुमारे ५० लक्स एवढा मंद प्रकाश त्यांना पुरतो. ताज्या लाकडातून आणि प्लायवुडच्या गोंदातून आम्लाच्या वाफा निघतात व बंद पेटीत कोंडून धातूला डागळतात. ओलावा शोषण्यासाठी सिलिका जेलचा कप्पा पेटीच्या तळाशी असावा आणि पेटी न उघडता तो बदलता यावा.

हे सारे वाचताना पाचगणीच्या कुटुंबांना आपल्या पावसाळ्याची आठवण होईल. चार महिने कपाटातल्या पुस्तकांना बुरशी धरते आणि ट्रंकेतल्या जरीला वास लागतो. धर्मग्रामाच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या, जुने कॅलिस, आजीची जपमाळ यांनाही हेच नियम लागू आहेत. अग्निबाणाची पेटी कशी असावी हे शिकलेल्या माणसाला आपल्या घरातली वस्तू कशी ठेवावी हेही कळेल.

लाडबोरीचे कडे

शेवटी आपल्या महाराष्ट्रातील एक घटना. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी विदर्भाच्या आकाशातून अग्नीच्या रेषा सरकत गेल्या आणि चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले. परिसरात धातूचे गोलही सापडले. एका चिनी अग्निबाणाचे ते अवशेष असावेत, असा जाणकारांचा निष्कर्ष होता. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. वस्तू पोलीस ठाण्यात जमा झाल्या आणि इस्रोचे तज्ज्ञ तपासणीसाठी येऊन गेले.

थुंबाच्या लोकांनी आपली जमीन अवकाशाला दिली. लाडबोरीच्या लोकांच्या जमिनीवर अवकाश न विचारता येऊन पडले. एक गोष्ट संमतीची, दुसरी बेफिकिरीची. दोन्ही खऱ्या आहेत आणि दोन्ही मुलांना सांगितल्या पाहिजेत. उद्या ते कडे कोणी प्रदर्शनात मांडलेच, तर त्याभोवती सोनेरी चौकट नको. गावच्या मातीवर, जसे पडले तसे ते ठेवावे, पाहणाऱ्याला त्याच्या आत उभे राहता यावे आणि वर मोकळे आकाश असावे. आपण वर जे फेकतो ते कोणाच्या तरी अंगणात उतरते, हे सांगावयास आणखी फलक लागणार नाही.

माग्दालेनेची वाट

थुंबाचे चर्च संत मरिया माग्दालेनेच्या नावाचे असावे, हा योग आम्हांस फार बोलका वाटतो. तिचा सण २२ जुलैला येतो. २०१९ मध्ये चांद्रयान-२ नेमके त्याच दिवशी झेपावले. पण योगायोगाहून अर्थ मोठा आहे. पुनरुत्थानाच्या सकाळी माग्दालेना प्रभूच्या देहाच्या शोधात कबरेपाशी गेली आणि तिला कबर रिकामी आढळली. तिथे बसून राहण्याची तिला परवानगी मिळाली नाही; प्रभूने तिला आपल्या बांधवांकडे पाठविले. पेटी कितीही सुंदर असो, ती पाहणाऱ्याला तिथेच अडकवून ठेवीत असेल तर ती फसली. जी पेटी पाहणाऱ्याला काहीतरी देऊन पुन्हा माणसांकडे पाठविते, ती सफल झाली.

आपल्यापैकी ज्या कुटुंबांचे केरळकडे जाणे होईल, त्यांनी थुंबाचे संग्रहालय मुलांना अवश्य दाखवावे. अग्निबाण पाहून झाल्यावर दोन मिनिटे त्या भिंतींकडे तोंड करून उभे राहावे आणि एका रविवारी इथे ‘आमेन’ म्हणणाऱ्या मच्छीमारांसाठी एक ‘नमो मरिया’ म्हणावी. त्यांच्या नावांचा फलक कोणी लावीपर्यंत तेवढी मंजूषा आपल्याला आपल्या ओठांवर घडविता येईल.